शेवाळाच्या तवंगावर जिवाणू सोडावेत का?

निळाई: तळ्यावर विषारी तवंग आला की लोक मोरचूद टाकून मोकळे होतात. त्याने शेवाळ मरतं पण गोगलगायी, मासेही मरतात आणि तांबं गाळात बसतं ते बसतंच. त्यापेक्षा जिवाणू वापरा ना! अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात शेवानेला नावाच्या जिवाणूवर काम चाललंय, तो जी रसायनं सोडतो ती समुद्रात लाल भरती (पाणी लाल करणारा विषारी तवंग) आणणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय जीवांना मारतात, बाकीच्यांना फारसा धक्का नाही. जिवाणू मोकळे सोडायचेही नाहीत, अल्जिनेट या जेलीसारख्या पदार्थाच्या मण्यांत कोंडून पाण्यात ठेवायचे, काम झालं की उचलायचे. (अल्जिनेटही समुद्री शेवाळातूनच काढतात, ही एक गंमत.)

तिरकस: समुद्रातला उपाय तळ्याला कशाला चिकटवताय? तळ्यात बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिस नावाचं निळं-हिरवं शेवाळ असतं, ते खरं तर स्वतःच जिवाणू. त्याचं विष पेशीच्या आत असतं, पेशी फोडलीत की सगळं पाण्यात! 2014 मध्ये अशाच तवंगामुळे अमेरिकेत एरी सरोवरावरच्या टोलेडो शहरात 4 लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका सांगावं लागलं, उकळूही नका म्हणाले कारण उकळून हे विष जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं.

निळाई: पेशी तर मोरचुदानेही फुटतात की. आणि हे विष, म्हणजे मायक्रोसिस्टिन, खाणारे जिवाणूही आहेत, स्फिंगोमोनास जिवाणूचे काही प्रकार त्याच्या रेणूची गोल साखळी तोडतात आणि मग त्याचा विषारीपणा बराच उतरतो. दोन्ही जोडीने वापरा.

गाळमित्र: फ्लास्कमध्ये सगळंच जमतं हो. उघड्या पाण्यात जिवाणू पातळ होतात, एकपेशीय प्राणी त्यांना फस्त करतात. आणि समजा जमलं, तर टनावारी मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढून घेणार, पहाटे मासे तरंगणार, फॉस्फरस परत पाण्यात येणार, की पुढचा तवंग तयार. कॅनडात 1973 साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन-नायट्रोजन घातलं, फॉस्फरस फक्त एकीकडे. हिरवी झाली ती तीच बाजू. फॉस्फरस आणणारं खत आणि सांडपाणी अडवा, बाकी सगळी मलमपट्टी.

निळाई: अडवाच, नको कोण म्हणतंय? पण गाळात साठलेला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षं झिरपत राहतो, तोवर लोकांनी करायचं काय?

तिरकस: तोवर पाणी घ्यायचा पाइप तवंगाच्या खालच्या थरात न्या आणि शुद्धीकरणात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा) वापरा, विष त्याला चिकटतं. तुमचे मणी आधी बंदिस्त मत्स्यतळ्यात लावून बघा, रात्रीचा ऑक्सिजन मोजत. पिण्याच्या तळ्यात इतक्यात नको.