कॅनिस्टर फिल्टरच्या झाकणातून पाणी झिरपते : मदत हवी आहे

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. माशांच्या टाकीखालच्या कपाटात ठेवलेल्या कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीचे पाणी नळीने खाली घेऊन गाळून परत वर पाठवणाऱ्या बंद डब्याच्या) झाकणाखालून, एका क्लिपच्या बाजूने, पाणी झिरपते आणि कपाटाचे प्लायवुड फुगू लागले आहे. ओ-रिंगच्या (झाकणाचा सांधा बंद करणाऱ्या गोल रबरी कड्याच्या) खाचेत साचलेले बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार व्हिनेगरने साफ केले, सिलिकॉन ग्रीस लावले (व्हॅसलीनने रबर फुगू शकते, म्हणून ते टाळले), तरी खाली ठेवलेला कागद सकाळी ओला असतोच. मला रचनाच सदोष वाटते, कारण टाकी वर असल्याने पंप बंद असतानाही सांध्यावर दाब राहतो आणि तो पेलायला प्लॅस्टिकच्या नाजूक क्लिपा दिल्या आहेत. झाकण वाकले आहे की ओ-रिंग चपटी झाली आहे, हे कसे ओळखावे? मापाची ओ-रिंग सांगली-मिरजेत कोठे मिळेल? फिल्टर बराच वेळ बंद राहिल्यास आतले उपयुक्त जिवाणू ऑक्सिजनअभावी मरतात, त्यामुळे लवकर सुचवावे, ही विनंती.