मदत हवी आहे: प्लगइन टाकूनही मोबाईलवर पान रेंगाळतंय

नमस्कार मंडळी,

फराळाची गर्दी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय, म्हणून विचारते. पाककृतींची माझी छोटी साइट आहे, वर्डप्रेसवर. वाचणाऱ्या बहुतेक जणी ओट्यावर मोबाईल टेकवून, पिठाच्या हातानं स्क्रोल करणाऱ्या. परवा नणंदेच्या फोनवर अनारशांचं पान उघडलं. आधी नुसतं पांढरं, मग मजकूर, मग फोटो. आणि फोटो आला की मजकूर धपकन खाली! गूळ किती ते वाचत होतो, ती ओळच गायब.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये (पानाचा वेग मोजणारं गूगलचं साधन) १०० पैकी डेस्कटॉपला ९१, मोबाईलला ३४. एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, ६.८ सेकंद, हवा २.५ च्या आत.

मग एक कॅशिंग प्लगइन (पानाची तयार प्रत साठवून ती देणारा) टाकला आणि उत्साहाच्या भरात दिसतील ती सगळी बटणं चालू केली: कॅश, मिनिफाय (कोड आटोपशीर करणं), लेझी लोड (फोटो गरज पडेल तेव्हाच आणणं), जावास्क्रिप्ट डिले (स्क्रिप्ट उशिरा चालवणं). स्कोअर ५२ झाला, पण मेनूच्या तीन रेघा आता दोनदा दाबाव्या लागतात. माझ्या स्वतःच्या फोनवर तर काडीचा फरक नाही. वरचा फोटो १.८ एमबीचा आहे, फॉन्ट मुक्ता, चार वेगवेगळ्या जाडीत. अजून एक प्लगइन टाकू का? की एएमपी (मोबाईलसाठी हलकी पानं बनवायची गूगलची पद्धत) करू?

प्रतिसाद

ताई, दुसरा कॅशिंग प्लगइन अजिबात नको, दोघं एकमेकांच्या पायात येतील. तुम्ही लॉगिन करून बघताय ना? असे बहुतेक प्लगइन लॉगिन असलेल्याला कॅशमधलं पान देतच नाहीत. इनकॉग्निटोत उघडा.

खरं दुखणं वरच्या फोटोत आहे. जो सगळ्यात आधी दिसायला हवा त्यालाच लेझी लोड लावून तुम्ही 'थांब जरा' म्हणताय. त्याला वगळा. तसंही लेझी लोड वर्डप्रेसमध्येच ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (कमी वजनाचा फोटो-प्रकार) करा आणि त्याच्या एचटीएमएल टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, म्हणजे ब्राउझर जागा धरून ठेवतो आणि मजकूर उडी मारत नाही. मेनूची स्क्रिप्ट डिलेच्या यादीतून काढा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, दोन जाड्या पुरेत. एएमपीच्या नादी लागू नका, २०२१ पासून गूगलच्या टॉप स्टोरीजमध्ये (शोधातली बातम्यांची पट्टी) यायलाही एएमपीची अट राहिलेली नाही.

धागाकर्ती

लॉगिनच होते हो! फोटो १४० केबीवर आला, मेनू एका दाबात उघडतोय, एलसीपी २.९. नणंदेच्या फोनवर मजकूर जागचा हलत नाही. फक्त फॉन्टच्या जाड्या कमी करायच्या राहिल्यात. थीमच्या सेटिंगमध्ये तशी जागाच सापडत नाहीये. functions.php (थीमची कोडची फाइल) हा शब्द ऐकूनच हात थरथरतात, त्याशिवाय जमेल का?