हॉटेलच्या सर्व्हरचा बॅकअप: कायम जोडलेली हार्ड डिस्क पुरेशी आहे का?

गणेशपेठकर

नमस्कार. नागपूरच्या गणेशपेठेत बस स्थानकाजवळ आमचे चौतीस खोल्यांचे हॉटेल आहे. आरक्षण, चेक-इन, बिले आणि रेस्टॉरंटचा हिशेब हे सर्व एकाच संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि तो संगणक रिसेप्शनच्या काउंटरखाली ठेवलेला आहे. देखभाल पाहणारे गृहस्थ म्हणतात की बॅकअप रोज रात्री आपोआप होतो. तो संगणकालाच कायम जोडून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातो. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण आता तोंडावर आले आहे आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की आमच्याकडे खोली रिकामी नसते, त्यामुळे जे काही बदलायचे ते त्याआधीच बदललेले बरे. धाकटा भाऊ म्हणतो, सगळे क्लाउडवर न्या. वडील म्हणतात, रजिस्टर हाच खरा बॅकअप. सध्याची व्यवस्था पुरेशी आहे का, आणि नव्या करारात नेमके काय लिहून घ्यावे?

नाइट_ऑडिटर

पुरेशी नाही. कायम जोडलेली डिस्क संगणकाच्या दृष्टीने त्याचाच एक भाग असते. खंडणी मागणारा व्हायरस शिरला की तो आतील फाइलींबरोबर त्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. विजेचा झटका आला तर दोन्ही एकदमच जातात. चोरी झाली तरी तेच. या क्षेत्रात रूढ असलेला नियम असा की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर असावी. आपल्यासारख्या हॉटेलला त्यासाठी फार खर्च येत नाही: आलटून पालटून वापरायच्या दोन डिस्क, ज्यांतील एक नेहमी सुटी आणि बाहेर ठेवलेली असेल, आणि त्याशिवाय क्लाउडवर रोज रात्री जाणारी एक प्रत, जी ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी आपल्या पासवर्डनेही, पुसता येणार नाही.

आता एक गोष्ट आजच पाहून घ्या. त्या डिस्कवरील बॅकअपच्या फाइलींचा आकार आणि तारीख पाहा. लहान हॉटेलांतील बरीच सॉफ्टवेअरे एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या (नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मोफत एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात. तिच्यात ठरलेल्या वेळी काम आपोआप करणारा एजंट नसतो. म्हणून बॅकअपची वेळ विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावावी लागते, आणि विंडोजचा पासवर्ड बदलला की ते काम गुपचूप बंद पडू शकते. शिवाय २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की नवीन नोंदी होतच नाहीत, आणि हे हमखास गर्दीच्या दिवशी कळते. काही ठिकाणी तर जुनीच फाइल रोज नव्या नावाने कॉपी होत असते. तारीख ताजी, आतला माल शिळा.

वेळही महत्त्वाची आहे. बॅकअप नाइट ऑडिटच्या, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याच्या कामाच्या, आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यावा, कारण दिवस बंद करताना सॉफ्टवेअर खोलीभाडे, कर आणि तारीख एकदम पुढे सरकवते, आणि ते काम अर्धवट अडकले तर परत जाण्यासाठी आधीचीच प्रत लागते. दिवसा दर दोन-तीन तासांनी एक छोटी प्रत घेतली, तर दुपारी चारला संगणक बसला तरी सकाळचे सगळे चेक-आउट हाताने भरावे लागणार नाहीत.

सदर_कॅम्प

वडिलांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. नाइट ऑडिट झाल्यावर हॉटेलात असलेल्या पाहुण्यांची यादी, प्रत्येकाची येणे बाकी आणि पुढील तीन दिवसांची आरक्षणे छापून रिसेप्शनवर ठेवा. संगणक बंद पडलेल्या सकाळी कोणत्या खोलीत कोण आहे हे त्या चार कागदांवरून कळते. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. ते काम आपला सर्व्हर दुरुस्त होण्याची वाट पाहत नाही.

यूपीएसवाले_भाऊ

बॅकअपची चर्चा चालूच राहू द्या, पण आधी तो संगणक काउंटरखालून काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंदिस्त कपाटात त्याहून जास्त. यूपीएसमधील सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. म्हणजे पेटीवर लिहिलेली वर्षे नागपुरात मोजायची नसतात. दर सहा महिन्यांनी मुख्य वीज बंद करून यूपीएस खरोखर किती मिनिटे टिकतो हे घड्याळ लावून पाहा आणि जनरेटर भार घेईपर्यंतचा वेळ त्यात बसतो का ते तपासा. दुसरे म्हणजे पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, ते आठवते ना? सर्व्हर तळमजल्यावर जमिनीला टेकलेला नको, आणि बाहेर ठेवायची डिस्कही नाल्याकाठच्या घरी नको.

गणेशपेठकर

सर्वांचे आभार. फाइली पाहिल्या, तारखा रोजच्या आहेत, पण गेले कित्येक दिवस आकार तंतोतंत एकच दिसतो. भावाच्या क्लाउडच्या मुद्द्याबद्दल कोणी सांगेल का? आणि करारात काय असावे?

नाइट_ऑडिटर

आकार एकच राहणे हे चांगले लक्षण नाही. आजच हाताने एक बॅकअप घ्या आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून त्यात कालची बिले दिसतात का ते पाहा.

क्लाउडवरील सॉफ्टवेअर घेतले तर सर्व्हरची चिंता मिटते, पण इंटरनेटची वाढते; दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी लागेल. आपली माहिती आपल्या हाती दर महिन्याला फाइलरूपात मिळेल की नाही हे आधी विचारा. जीएसटीच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. वर्गणी बंद केल्यावर त्या कोणाकडे मागणार? खोल्यांच्या कार्ड-कुलपांचे सॉफ्टवेअर तर बहुधा स्थानिक संगणकावरच राहते आणि त्याचा बॅकअप घ्यायचे जवळपास सर्वच विसरतात. तो डेटा गेला तर कुलपे खोलीखोलीत जाऊन नव्याने जुळवावी लागतात.

करारात ‘बॅकअप घेतला जाईल’ एवढेच वाक्य चालवून घेऊ नका. दर तिमाहीला वेगळ्या संगणकावर बॅकअप पूर्ववत करून दाखवणे, त्यावर आपल्या व्यवस्थापकाची सही, बंद पडल्यापासून किती तासांत काम सुरू करून देणार तो आकडा, आणि सर्व पासवर्ड व कूटसंकेताच्या किल्ल्या (कुलूपबंद बॅकअप उघडणारे संकेत) बंद पाकिटात मालकाकडे, असे लिहून घ्या. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्याही करारातच हव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा करार संपलेल्यांना बिलांतील दर बदलून घेण्यासाठी धावपळ करावी लागली. रिसेप्शनवर अजून विंडोज १० असेल तर त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेही बघा. पाहुण्यांचे वाय-फाय हॉटेलच्या संगणकांपासून वेगळे करायला सांगा आणि दूरवरून दुरुस्ती करण्याची सोय रात्रंदिवस उघडी न ठेवता फोन आल्यावरच चालू करायची, हेही त्याच पानावर येऊ द्या.