कुलूप लावल्यानंतरची तपासणीही शिकवा

लॉकआउटच्या, म्हणजे दुरुस्तीआधी यंत्राचा स्विच बंद करून त्याला कुलूप लावण्याच्या, प्रशिक्षणात व्हिडिओ आणि शेवटी लेखी चाचणी पुरेशी आहे, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. चाचणीत सगळे पास होतात आणि तरी अपघात होतात, कारण चूक अनेकदा कुलूप लावल्यानंतर होते. स्विच बंद केला, कुलूप लावलं, टॅगवर नाव लिहिलं की माणूस सरळ यंत्रात हात घालतो. मधली तपासणी राहून जाते. टेस्टर (वीज आहे की नाही ते दाखवणारं उपकरण) आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सप्लायवर लावायचा, मग बंद केलेल्या सर्किटवर प्रत्येक फेज-फेज आणि फेज-अर्थमध्ये, आणि नंतर पुन्हा त्याच चालू सप्लायवर. ही तिसरी पायरी हमखास गाळली जाते. पण टेस्टर मध्येच बिघडला असेल तर तो शून्यच दाखवणार, आणि ते या तिसऱ्या पायरीतच कळतं.

वीज गेली तरी ड्राइव्हच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, एअर सिलिंडरमध्ये दाब राहतो, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो. म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या यंत्रावर हे सगळं करून घ्या, आणि कुलपाची किल्ली ज्याची त्याच्याच खिशात राहू द्या.