‘फेल-सेफ’ला ‘बिघाडसुरक्षित’ चालेल का?

कोपरीकर : गाड्यांचं वायरिंग शिकणाऱ्या मुलांसाठी एअरबॅगच्या सर्किटवर टिपण लिहितोय. ‘फेल-सेफ’पाशी अडलोय. मी ‘अचूक’ लिहिलं, बायकोने खोडलं. ‘बिघाडसुरक्षित’ कसं वाटतं?

घणसोलीकर : वहिनींनी बरोबर खोडलं. फेल-सेफ म्हणजे न बिघडणारं नव्हे. बिघडलंच तर धोका नसलेल्या बाजूला झुकणारं. ठाण्याहून लोकल पकडता ना? ब्रेकच्या पाइपातली हवा निसटली की ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. सिग्नलचं सर्किट तुटलं की लाल. गाडी खोळंबते, आपण शिव्या घालतो, पण तेच फेल-सेफ.

‘बिघाडसुरक्षित’ची मेख समासात आहे. ‘ऋणमुक्त’सारखा पंचमी तत्पुरुष धरला तर ‘बिघाडापासून सुरक्षित’, म्हणजे पुन्हा तुमचं ‘अचूक’च. सप्तमी धरली तरच ‘बिघाडातही सुरक्षित’. वाचणारा पहिलाच अर्थ घेणार.

कोपरीकर : पण मग एअरबॅगची सुरक्षित बाजू कुठली? उघडलेली की मिटलेली?

रबाळ्याचा वायरिंगवाला : दादा, तीच तर गोम आहे. धडकेत उघडली नाही तर माणूस जायचा, आणि नुसतं उभं असताना उघडली तरी तोंड फुटायचं. म्हणून दोन्हीकडून बंदोबस्त. एकट्या सेन्सरच्या शब्दावर ती उडत नाही, दुसऱ्याचीही साक्ष लागते. पिवळा कनेक्टर काढला की आतली बारकी पट्टी इग्नायटरच्या, म्हणजे एअरबॅग उडवणाऱ्या पेटवणीच्या, दोन्ही पिना शॉर्ट करते. हाताच्या स्टॅटिक विजेने उडू नये म्हणून. उलट धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी उडायला हवी, म्हणून मॉड्यूलमध्ये, म्हणजे एअरबॅगच्या कंट्रोल डब्यात, वीज साठवणारा कपॅसिटर चार्ज असतो. त्याच्यापायीच पोरांना सांगतो, बॅटरीची निगेटिव्ह काढ, कटिंग पिऊन ये, मग स्टिअरिंगला हात लाव. आणि इग्नायटरला मल्टिमीटर लावायचाच नाही. त्याचा रेझिस्टन्स, दोनेक ओमचा, मॉड्यूल स्वतः तपासतं. गडबड दिसली की डॅशबोर्डवर दिवा.

घणसोलीकर : म्हणजे पट्टी फेल-सेफ, पण कपॅसिटर नाही. तो बिघाडातही काम *करून घेतो*, पट्टी काम *होऊ देत नाही*. दोन्ही एका शब्दात कोंबू नका. अख्ख्या सर्किटला ‘दुहेरी खात्रीचं’ म्हणा.

कोपरीकर : बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, हे विमा एजंटसारखं वाटतं. ‘फेल-सेफ’ फक्त पट्टीला ठेवतो, खाली तुमची लोकल टाकतो. कपॅसिटरला ‘राखीव वीज’.

रबाळ्याचा वायरिंगवाला : आणि कटिंगचं पण टाका.