नुसती संख्या वाढवून भागत नाही
जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशींची संख्या वाढवणारं औषध) देऊन न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढवले की शरीरात शिरलेली बुरशी आटोक्यात येते, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ॲस्परजिलस या बुरशीचा बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचा, मॅक्रोफेज (जंतू गिळणारी पेशी) तो सहज गिळतो. पण अंकुर फुटून तंतू लांबला की गिळणं अशक्य. मग न्यूट्रोफिल त्याला चिकटून ऑक्सिडंटांचा (जंतूंना मारणाऱ्या तीव्र रसायनांचा) मारा करतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात पेशी पुरेशा असतात, हा माराच जमत नाही, आणि बुरशी जिवावर उठते. १९९१ च्या चाचणीत इंटरफेरॉन-गॅमामुळे (प्रतिकार पेशींना चालना देणाऱ्या प्रथिनामुळे) अशा रुग्णांतले गंभीर संसर्ग सुमारे ७० टक्क्यांनी घटले. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की ऑक्सिडंटांचं उत्पादन मात्र फारसं वाढलेलं दिसलं नाही! बुरशीविरोधी औषध अर्थातच चालू ठेवायचं.