जोडीने घेतलेले महिनाभराचे आहार-व्यायामाचे आव्हान: दोघांना एकच माप लावावे का?

प्रश्न

नमस्कार. मी आणि माझा नवरा, आम्ही दोघांनी मिळून ३० दिवसांचे आव्हान घेतले आहे आणि आज त्याचा दहावा दिवस संपला. ठरवताना नियम सोपे वाटले होते. दोघांनीही दिवसाला १४०० कॅलरींच्या आत राहायचे, गोड आणि तळलेले पूर्ण बंद ठेवायचे, रोज सकाळी ४५ मिनिटे बरोबर चालायचे, आणि एखादा दिवस चुकलाच तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायची. माझे वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर आणि सुरुवातीचे वजन ६२ किलो; त्याचे वय ४४, उंची १७४ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो. दोघांचेही काम बैठे आहे. त्याला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, मला कोणताही आजार नाही.

दहा दिवसांत त्याचे वजन २.४ किलोने उतरले आणि माझे अवघ्या ६०० ग्रॅमने. रोज सकाळी तो आधी काट्यावर उभा राहतो, मग मी, आणि दोघांचे आकडे फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर शेजारी-शेजारी लिहिले जातात. त्याच्या रकान्यातला आकडा रोज थोडा खाली येतो. माझा गेले चार दिवस ६१.४ आणि ६१.७ यांच्यात घुटमळतो आहे. चालताना तो पंधरावीस पावले पुढे असतो. सहाव्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून आल्या होत्या, की मी गेले नाही. तेव्हा नियमाप्रमाणे माझी मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायला हवी की नाही, यावरून आमचा चांगलाच वाद झाला. आता तर जेवताना तो माझ्या ताटाकडे पाहून ‘हे किती कॅलरींचे असेल?’ असे विचारतो. त्याचा हेतू वाईट नाही हे मला कळते, तरीही घास घशाखाली उतरत नाही.

आव्हान सोडून देण्याची माझी इच्छा नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की सारखेच खाऊन आणि सारखेच चालून एवढा फरक का पडावा, आणि उरलेले २० दिवस दोघांनी मिळून कसे पार पाडावेत?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही वय, उंची आणि वजन दिले आहे, त्यामुळे थेट हिशेबच मांडतो, कारण माझ्या मते तुमचे निम्मे दुःख त्या हिशेबाने हलके होईल. शरीर पूर्ण विश्रांतीत असताना किती ऊर्जा खर्च करते याचा अंदाज बांधण्यासाठी मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० साली प्रसिद्ध झालेले समीकरण आहारतज्ज्ञ सर्रास वापरतात. किलोतील वजनाला १० ने गुणायचे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवायचे, वयाची पाचपट वजा करायची, आणि शेवटी पुरुषासाठी ५ मिळवायचे तर स्त्रीसाठी १६१ वजा करायचे. यानुसार तुमचा आकडा सुमारे १२४० कॅलरी येतो आणि तुमच्या नवऱ्याचा सुमारे १७१०. बैठे काम आणि रोजचे चालणे धरून त्याला साधारण १.४५ ने गुणले, तर तुमचा दिवसाचा खर्च १८०० च्या आसपास आणि त्यांचा २४८० च्या आसपास होतो.

आता दोघांनीही १४०० च खायचे ठरवल्यावर तुमची रोजची तूट ४०० ची झाली आणि त्यांची जवळजवळ १०८० ची, म्हणजे अडीचपटीहून जास्त. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात असे धरले, तर दहा दिवसांत तुमची अर्धा किलो चरबी कमी व्हायला हवी होती आणि काटा ६०० ग्रॅम दाखवतो आहे. तुमचे गणित अगदी बरोबर चालले आहे. त्यात उणे काहीच नाही. त्यांच्या बाबतीत हिशेब १.४ किलोचा येतो आणि काटा २.४ दाखवतो, तेव्हा वरचा एक किलो बहुतांशी पाणी आहे असे समजायला हरकत नाही. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, आणि खाणे एकदम घटवले की हा साठा पहिल्याच आठवड्यात ओसरतो.

तुमच्या चार दिवसांच्या घुटमळण्यालाही कारणे आहेत. नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखावलेले स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात, आणि बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधीच्या दिवसांतही तेच होते. म्हणून रोजच्या आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी पाहावी, आणि पाळीच्या चक्रातील एखाद्या दिवसाची तुलना पुढच्या चक्रातील त्याच दिवसाशी करावी. फ्रिजवरचा तो कागद मात्र आजच काढून टाकावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोन वेगळ्या शरीरांचे आकडे एका कागदावर शेजारी लिहिले, की त्यांची शर्यत होतेच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातला हिशेब पटला; मी ताटाविषयी लिहिते, कारण आमचे आव्हान तिथेच मोडले होते. आम्ही नवरा-बायकोने असाच एक महिना ठरवला होता आणि त्यात तुमच्या नवऱ्याची भूमिका माझ्याकडे होती. सतराव्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा हा स्वयंपाकघरात दिवा न लावता, ओट्याशी उभा राहून, डब्याच्या झाकणाचा आवाज होणार नाही अशा बेताने काहीतरी खात होता. मला पाहून त्याने डबा पाठीमागे घेतला. आपल्याच घरात, आपल्याच माणसापासून लपून खाण्याची वेळ मी त्याच्यावर आणली होती, हे त्या क्षणी मला कळले आणि फार वाईट वाटले.

उपाशी माणसाचे मन कसे चालते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात फार स्पष्ट दिसले होते. सुमारे निम्म्या आहारावर २४ आठवडे काढताना ही निरोगी तरुण माणसे चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. तुमच्या नवऱ्याची रोजची तूट हजाराच्या वर आहे, हे लक्षात घेता त्याच्या स्वभावातली धार थोडी भुकेचीही असेल. त्याचे खाणे १४०० वरून १८०० किंवा १९०० वर न्यावे असे मी सुचवेन. तुमचे मात्र १४०० च्या खाली अजिबात जाऊ देऊ नका, त्यात प्रथिने पुरेशी ठेवा, आणि आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर उतरण्यात समाधान माना.

आम्ही पुढच्या वेळी एकच करार केला: घरात काय आणायचे आणि काय शिजवायचे हे दोघांनी बसून ठरवायचे, पण एकदा ताट वाढले की त्यावर कोणी काही बोलायचे नाही. हा करार टिकला आणि महिनाही पार पडला.

प्रतिसाद ३

मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. रक्तदाबाची गोळी चालू असताना खाणे कमी झाले आणि वजन झपाट्याने उतरू लागले, तर रक्तदाबही उतरू शकतो आणि तोच डोस जास्त होऊ शकतो. बसलेले असताना एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे त्यांना विचारा, घरी यंत्र असेल तर रक्तदाब मोजून नोंद ठेवा, आणि ती नोंद घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. गोळी स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नये.

प्रतिसाद ४

चालण्याबद्दल लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे. तुम्ही बैठ्या सवयीवरून थेट ३१५ मिनिटांवर उडी घेतलीत, तेव्हा पोटऱ्या भरून येणे स्वाभाविकच होते. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा असे आहे, आणि तो तुमच्या नियमांत कुठेच नाही. पाच दिवस चालणे आणि दोन दिवस घरीच खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, असे काही करावे. आहार कमी असताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते त्याने बरेच राखले जातात.

पुढे-मागे राहण्यावर आमच्याकडे एक युक्ती चालते. सरळ रस्ता निवडावा, दोघांनी एकाच ठिकाणाहून आपापल्या वेगाने निघावे आणि घड्याळात २० मिनिटे झाली की जो जिथे असेल तिथून मागे फिरावे. वेग कायम ठेवला तर दोघेही एकाच वेळी निघाल्या ठिकाणी पोहोचतात, आणि शेवटची काही मिनिटे तर जवळजवळ बरोबरच चालणे होते. वेग किती असावा, तर बोलता यावे पण गाता येऊ नये इतका.

आणि मोजणी एकपासून सुरू करण्याचा नियम कृपा करून रद्द करा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यात दिसले, पण कुणाला १८ पुरावेत तर कुणाला २५४ लागावेत असा अंदाज निघाला; आणि अधेमधे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही. तुमचा सहावा दिवस हा विश्रांतीचा दिवस होता असेच वहीत लिहा.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवले. हिशेबाचा भाग त्याने स्वतः कागदावर पुन्हा करून पाहिला, आणि डब्याच्या झाकणाचा प्रसंग ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग उठून त्याने फ्रिजवरचा कागद काढला. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का असे विचारले, तेव्हा गेल्या तीन दिवसांत दोनदा आल्याचे त्याने सांगितले. मला हे ठाऊकच नव्हते. परवाची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि तोवर त्याचे खाणे १८०० वर नेले आहे.

आज सकाळी २० मिनिटांची युक्ती करून पाहिली. मी वळून परत येत असताना तो मागून आला आणि निघालो होतो त्या झाडापाशी आम्ही अर्ध्या मिनिटाच्या फरकाने पोहोचलो. वहीत आजचा अकरावा दिवस दोघांच्याही नावावर लिहिला आहे.